स्थानकावरील दिवे : प्रतिकृतीतले सत्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी व्याख्यानासाठी आपण मला उभे केलेत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मी काही यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो. बदल्यांच्या निमित्ताने अनेक गावांचे पाणी प्यालो आणि जयपुरात स्थिरावलो. तेव्हा आजचे भाषण तज्ज्ञाचे नाही. एका जुन्या छंदाची आणि त्या छंदातून निघालेल्या एका प्रश्नाची ही हकीकत आहे, असे समजून ती ऐकावी.

व्याख्यान नेहमीच्या सभागृहात न ठेवता सीकर रस्त्यावरील या औद्योगिक वसाहतीत ठेवले, हे कित्येकांना चमत्कारिक वाटले असेल. पण या वसाहतीला विश्वकर्म्याचे नाव आहे. विश्वकर्मा म्हणजे देवांचा कारागीर. हातातल्या वस्तूचे माप चुकू न देणे हीच ज्याची पूजा, अशा माणसांचे हे दैवत. येथील लेथ, येथील मोटार वाइंडिंगची दुकाने आणि येथील कामगारांची बोटे यांच्यावाचून आज आपल्यासमोर असलेल्या मेजावर एकही दिवा उभा राहिला नसता. ज्यांचे ऋण आहे त्यांच्याच दारी येऊन ते मान्य करणे उचित, म्हणून हे स्थळ.

आपल्या तरुण मंडळींनी सुवर्णमहोत्सवासाठी रेल्वेची ही प्रतिकृती उभारली आहे. साडेतीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद मेजावर महाराष्ट्रातील एक जंक्शन, त्याचे दोन फलाट, मालधक्का, पाण्याची टाकी आणि चौदा दिवे आहेत. गेल्या महिन्यात काही सभासदांनी ती पाहिली, त्या वेळी एक तक्रार एकमुखाने आली. “सगळे छान आहे, पण दिवे फार मंद आहेत. पाहुणे येतील, फोटो काढतील. चांगले पांढरे लखलखीत दिवे का लावत नाही?” तक्रार साधी आहे, पण तिला उत्तर देणे साधे नाही. ते उत्तर म्हणजेच आजचे भाषण.

रेल्वेच्या प्रतिकृती हा छंद परदेशी आणि श्रीमंतांचा, असा समज आपल्याकडे आहे. तो दूर करावयाचा असेल तर पुढील सुटीत मुलांना पुण्यास कोथरूडजवळच्या लघु-रेल्वे संग्रहालयात न्यावे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून ते उभे केले आणि 1 एप्रिल 1998 रोजी ते जनतेसाठी खुले झाले. तेथे केवळ गाड्या धावत नाहीत. सिग्नल, कुंपणे, रस्त्यांवरील दिव्यांचे खांब, उड्डाणपूल असे संपूर्ण नगर तेथे नांदते. एका मराठी गृहस्थाने हौसेने आरंभलेले काम पिढ्यांना पुरेल अशी संस्था होऊ शकते, याचा तो नमुना आहे. आपल्या मेजाची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही. पण वाट तीच आहे.

आता दिव्यांकडे वळू. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली, हे आपण सारे जाणतो. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची ती गाडी, तिच्या आरंभीच्या संचालकांत नाना शंकरशेट होते, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण गाडी धावली ती भर दुपारी. सूर्य मावळल्यावर स्टेशन कसे दिसत असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्या काळी खनिज तेल घरोघर पोहोचलेले नव्हते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात तेलाची विहीर यशस्वी झाली ती 1859 मध्ये. त्यापूर्वी दिवा म्हणजे वनस्पतींचे तेल आणि वात. पुढे डब्यांतून खनिज तेल आले आणि आपल्या भाषेने त्याला दोन नावे दिली. ‘रॉक ऑइल’चे ‘रॉकेल’ झाले आणि ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’. गॅसच्या दिव्याचे नाव रॉकेलला चिकटावे, यात आपल्या पूर्वजांचे अज्ञान नाही. जो नवा उजेड आला, त्या सर्वाला एकच नाव त्यांना पुरेसे वाटले.

मुंबईच्या रस्त्यांवर कोळशाच्या गॅसचे दिवे 1865 च्या सुमारास लागले. आपल्या या जयपुरातही महाराजा सवाई रामसिंह यांच्या कारकीर्दीत रस्त्यांवर गॅसचे दिवे आले होते, हे येथे आवर्जून सांगतो. परंतु गॅसला कारखाना हवा आणि जमिनीखालून नळ हवेत. मैलोगणती माळरानात उभ्या असलेल्या लहान स्टेशनाला हे परवडणारे नव्हते. तेथे रॉकेलचा कंदीलच राहिला आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे राहिला.

मधल्या काळात एक विलक्षण दिवा आला. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी 1885 मध्ये दिव्याच्या जाळीचे, म्हणजे ज्याला आपण मॅन्टल म्हणतो त्याचे, पेटंट घेतले. थोरियम व सेरियम या धातूंच्या भस्माची ही नाजूक जाळी तापली की शुभ्र प्रकाश देते. तिच्यासाठी गॅसऐवजी रॉकेलची वाफ वापरण्याची युक्ती आर्थर किटसन यांनी काढली. टाकीतील तेलावर हवेचा दाब द्यावयाचा, ते बारीक नळीतून वर चढवावयाचे, तेथे त्याची वाफ करून जाळीखाली पेटवावयाची. हीच ती ‘किटसन बत्ती’. नाटक मंडळ्यांच्या जुन्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे नाव परके नाही. दीपस्तंभांपासून मोठ्या स्टेशनांपर्यंत तिचा संचार होता. सपाट वातीच्या कंदिलाचा उजेड दहा-बारा मेणबत्त्यांइतका, तर किटसनचा शेकडो मेणबत्त्यांइतका. तिचेच धाकटे भावंड म्हणजे आपल्या लग्नांच्या वरातींत डोक्यावरून मिरवलेली पेट्रोमॅक्स.

आणि शेवटी वीज. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवरील पहिली गाडी धावली. गाड्यांच्या डब्यांत तर त्याआधीच वीज आली होती, आणि त्या बाबतीत आपल्या राजस्थानचा जोधपूर रेल्वेमार्ग अग्रेसर होता. तेथे 1902 मध्येच डब्यांतून विजेचे दिवे बसविण्यात आले. म्हणजे एकाच काळात कोठे वीज, कोठे गॅस, कोठे किटसन आणि कोठे कंदील असे चारही उजेड नांदत होते. म्हणून ‘जुना दिवा’ असे मोघम म्हणून चालत नाही. कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या फलाटावरचा, हे विचारावे लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिव्याचा आकार हा त्याच्या इंधनाचा साक्षीदार असतो. ज्वाळेला हवा लागते आणि तिची उष्णता व काजळी बाहेर जावी लागते. म्हणून रॉकेलच्या कंदिलाच्या माथ्यावर धुराडे असते. विजेच्या दिव्याला त्याची गरज नाही, म्हणून त्याचे टोपण बंद असते. गॅसच्या खांबाला दिव्याखाली एक आडवी दांडी असते. ती शोभेसाठी नाही. दिवा लावणाऱ्याची शिडी टेकण्यासाठी आहे. किटसनला तेलाची टाकी आणि नळी असते आणि जड दिवा खाली उतरविण्यासाठी कप्पी असते. बाजारात प्रतिकृतींसाठी तयार दिवे मिळतात, त्यांत बहुधा युरोपातील चौकाचौकांतले वळणदार, दोन-दोन फांद्यांचे खांब असतात. दिसायला सुरेख, पण धुराडे नाही, दांडी नाही, टाकी नाही. जळायचे काय आणि लावायचे कोणी, याचा पत्ताच नाही.

आमच्या तरुणांनी प्रतिकृतीसाठी 1927 हे वर्ष निवडले. कारण सांगतो. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून उभी राहिलेली अडीच फुटी अरुंद लोहमार्गाची रेल्वे. 1897 मध्ये ती बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. 1906 मध्ये पंढरपुरास, 1911 मध्ये लातुरास आणि 1927 मध्ये मिरजेस पोहोचली. तिच्या इंजिनांच्या पहिल्या तुकडीवर लीड्सच्या किटसन कंपनीचे नाव होते. या इंजिनवाल्या किटसनची दिवेवाल्या किटसनशी गल्लत करू नये. कुर्डुवाडीस मोठ्या लाइनीची गाडी आणि छोटी गाडी शेजारी शेजारी उभ्या राहत. आषाढी-कार्तिकीला टाळमृदंगांसह वारकरी एकीतून उतरून दुसरीत चढत. 1954 मध्ये ती सरकारने घेतली आणि 2010 पर्यंत टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण पूर्ण झाले. आपल्यापैकी सोलापूर, लातूर, सांगली या भागांतील किती कुटुंबांच्या आजोबा-आजींनी त्या फलाटांवर रात्री काढल्या असतील! आपले मेज म्हणजे कुर्डुवाडीची नक्कल नव्हे. तशा प्रकारचे, दोन रुळांचे एक जंक्शन आहे. मोठ्या फलाटावर किटसन आणि छोट्या फलाटावर व मालधक्क्यावर रॉकेलचे कंदील, अशी वाटणी आम्ही केली.

आता थोडे गणित. ज्या प्रमाणात हे मेज आहे त्याला एच.ओ. म्हणतात, म्हणजे ‘ओ’ या जुन्या प्रमाणाच्या निम्मे. त्यात एका फुटाचे साडेतीन मिलिमीटर होतात. दुसऱ्या शब्दांत, प्रत्येक वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, तेव्हा तिचे रूळ 19.3 मिलिमीटर अंतरावर हवेत. बाजारात मिळणारे रूळ 16.5 मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोपातील 1435 मिलिमीटरच्या लाइनीचे आहेत. म्हणून मोठ्या लाइनीचे रूळ मुलांनी स्वतः घातले. छोट्या लाइनीच्या बाबतीत मात्र दैव अनुकूल ठरले. 762 मिलिमीटरला सत्त्याऐंशीने भागले तर 8.76 येतात, आणि 9 मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात.

दिव्याची उंची कशी ठरवावयाची? जुन्या छायाचित्रावरून. छायाचित्रावर मोजपट्टी छापलेली नसते, हे खरे. पण त्यात ओळखीचे माप शोधावे लागते. दिव्याच्या अगदी शेजारी, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर माणूस उभा असेल तर त्याला साडेपाच फूट धरावे. कंदील त्याच्या दुप्पट उंचीवर असेल तर तो अकरा फुटांवर आहे. मेजावर त्याचे साडेअडतीस मिलिमीटर होतात. माणूस पुढे आणि दिवा मागे असेल तर हे माप फसते. तेव्हा रुळांमधील अंतर, दाराची चौकट, विटांचे थर अशा दुसऱ्या साक्षीदारांकडून पडताळा घ्यावा. इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकविले होते की एका कागदावर विश्वास ठेवू नये, दुसरा मिळवावा. तो धडा इतक्या वर्षांनी दिव्याच्या खांबाला उपयोगी पडला.

खांब चार इंच जाडीचा धरला तर प्रतिकृतीत तो सव्वा मिलिमीटरहून थोडा बारीक होतो. 1.2 मिलिमीटरची पितळी नळी त्यासाठी घेतली. पायाचा नक्षीदार ठोकळा येथील एका लेथवर कातून घेतला. जो कारागीर दिवसभर मोठमोठे शाफ्ट कातण्यात घालवतो त्याच्या हाती हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा दिला, तेव्हा तो प्रथम हसला. मग त्याने घड्याळजीसारखे भिंग मागविले आणि चौदाच्या चौदा पाये एका मापाचे काढून दिले. मजुरी विचारली तर म्हणाला, “पहले रोशनी तो हो जाए।” आज तो कुटुंबासह येथे उपस्थित आहे. आपण टाळ्यांनी त्याचे स्वागत करावे, अशी विनंती आहे.

कंदिलाची चौकट ही खरी परीक्षा. वर चौदा इंच आणि खाली दहा इंच अशा निमुळत्या कंदिलाचे प्रतिकृतीत वर चार आणि खाली तीन मिलिमीटर होतात. त्याच्या काचा धरणाऱ्या पट्ट्या अर्ध्या इंचाच्या, म्हणजे 0.146 मिलिमीटर. एवढी बारीक पट्टी आणावी कोठून? उत्तर याच वसाहतीत सापडले. मोटारी वाइंडिंग करताना जी तांब्याची तार वापरतात, तिच्यातील अडतीस नंबरची तार 0.152 मिलिमीटर जाडीची असते. माप जवळजवळ तंतोतंत जुळले. वाइंडिंगच्या दुकानात फरशीवर पडलेले तिचे तुकडे आमच्या मुलांनी गोळा केले, त्यांवरचे इनॅमल खरवडले, लाकडी साच्यावर ते बसवून सोनाराच्या बेताने डाख दिला. काचेच्या जागी पारदर्शक पातळ पत्रा. माथ्यावर धुराडे. एका कंदिलास एका मुलाचे दोन रविवार लागले.

आता उजेड. पूर्वी हौशी मंडळी गव्हाच्या दाण्याएवढे छोटे बल्ब वापरीत. ते तापत आणि प्लॅस्टिक वितळवीत. निळ्या प्रकाशाच्या एल.ई.डी.चा शोध लागल्यावर 1996 च्या सुमारास पांढरे एल.ई.डी. बाजारात आले आणि ही अडचण मिटली. आज एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असा एल.ई.डी. मिळतो. सत्त्याऐंशी पटींनी मोठा केला तर तो 87 गुणिले 43 मिलिमीटरचा होतो. म्हणजे साधारण एका वातीच्या ज्वाळेच्या घरात येतो. पितळी खांब हाच विजेचा एक मार्ग आणि नळीतून गेलेली इनॅमलची तार हा दुसरा.

पण त्याचा रंग आणि जोर यांवर लगाम घालावा लागतो. प्रकाशाच्या रंगाचे एक माप असते. रॉकेलची ज्योत त्यात दोन हजारांच्या आसपास येते, बाजारातील उबदार म्हणविला जाणारा एल.ई.डी. सत्तावीसशे ते तीन हजार आणि लखलखीत पांढरा सहा हजारांच्या पुढे. म्हणजे पांढरा दिवा लावला तर ते स्टेशन 1927 चे राहत नाही. कालपरवा उघडलेला पेट्रोल पंप होतो. यास्तव कंदिलांच्या एल.ई.डी.वर काचेवर चित्रे काढण्याचा पिवळा-नारिंगी रंग दिला. किटसनला मात्र तो दिला नाही, कारण जाळीचा प्रकाश शुभ्र असून त्यात हिरवट झाक असते. जोराचे म्हणाल तर, बारा व्होल्टचा पुरवठा आणि एल.ई.डी.चे तीन व्होल्ट. उरलेल्या नऊ व्होल्टांसाठी दहा हजार ओहमचा रोधक घातला की एक मिलिअँपिअरहून कमी प्रवाह राहतो. सामान्यतः ज्या प्रवाहावर हे दिवे चालवितात त्याच्या हा विसावा भागही नाही. एवढाच उजेड कंदिलाला शोभतो.

सिग्नलच्या दिव्याबाबत तर एक मौज आहे. जुन्या हाताच्या सिग्नलातील ‘हिरवी’ काच हातात घेऊन दिवसा पाहा. ती निळसर दिसते. कारण तिच्यामागे रॉकेलची पिवळी ज्योत असावयाची. निळसर काचेतून पिवळा उजेड आला की इंजिन चालविणाऱ्याला तो हिरवा दिसतो. आमच्या एका मुलाने प्रथम पांढरा एल.ई.डी. लावून पाहिला, तर सिग्नल निळा दिसू लागला. पिवळा रंग दिला, तसा तो आपोआप हिरवा झाला. जुन्या लोकांनी काच आणि ज्योत मिळून एक रंग घडविला होता. त्यातील एक बदलले की दुसरे खोटे पडते. ही गोष्ट केवळ सिग्नलची नाही, हे आपल्यासारख्या परगावी संसार मांडलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

आता त्या मूळ तक्रारीकडे येतो. दिवे मंद का? पहिले उत्तर गणिताचे आहे. या मेजापासून एक मीटर अंतरावर उभा असलेला पाहुणा प्रमाणाच्या हिशेबाने त्या स्टेशनापासून सत्त्याऐंशी मीटरवर उभा आहे. अंधाऱ्या रात्री तेवढ्या अंतरावरून कंदील केवढा दिसेल? एक पिवळा ठिपका. दोन दिव्यांमधील अंतर आम्ही अठ्ठावीस सेंटिमीटर ठेवले आहे, म्हणजे प्रत्यक्षात चोवीस मीटर. प्रत्येक दिव्याखाली उजेडाचे लहानसे वर्तुळ आणि मध्ये काळोख. तो काळोख म्हणजे कामातील उणीव नव्हे. तोही मापाने केलेला आहे.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाची स्मृती उदार असते. ती जुन्या वस्तूंवर आपल्या मनाचा उजेड टाकते. आजोळचे स्टेशन आपल्याला झगमगीत आठवते, कारण तेथे मामा उभा असे. पण त्याच फलाटावर तिसऱ्या वर्गाचा उतारू अंधारात चाचपडत डबा शोधीत असे, बायका मुलांना पोटाशी धरून दिव्याच्या वर्तुळात दाटीने बसत, हेही तितकेच खरे आहे. आपण जर ते स्टेशन लखलखीत केले तर आपल्या मुलांना असे वाटेल की जुना काळ सुंदर होता आणि सोपा होता. सुंदर होता हे आपण सांगू. सोपा होता हे आपण सांगू नये.

अध्यक्ष महाशय, या वादाचा निकाल माझ्या युक्तिवादाने लागला नाही. तो आपल्या मंडळातील एका ज्येष्ठ भगिनींनी लावला. त्यांचे वडील रेल्वेत दिवेवाले होते. मुलांना त्यांनी सांगितले ते असे. दुपारी तीनपासून वडिलांचे काम सुरू होई. स्टेशनापासून वेगळ्या बांधलेल्या दिव्यांच्या खोलीत बसून ते वाती कातरीत, राखेने काचा पुसत, तेल भरीत. दिवेलागणीला खांद्यावर शिडी आणि दोन्ही हातांत कंदील घेऊन फलाटभर फिरत आणि मग दूरच्या सिग्नलच्या खांबावर चढत. पावसाळ्यात ओल्या लोखंडी शिडीवरून पाय घसरण्याचे भय. “त्यांच्या हातांचा रॉकेलचा वास कधी गेला नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही जेवायला बसलो की तो वास येई आणि आम्हाला वाटे, बाबा आले.” मग मेजाकडे पाहून त्यांनी विचारले, “दिवे चौदा लावलेत. लावणारा कोठे आहे?”

मुले गप्प झाली. पुढच्या रविवारी त्यांनी एकोणीस मिलिमीटर उंचीचा एक माणूस केला आणि पहिल्या खांबाशी त्याची शिडी टेकविली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आतापर्यंत बटण दाबले की चौदाही दिवे एकदम लागत. पण दिवे एकदम लागणे ही विजेची खूण आहे; कंदिलांच्या काळात माणूस चालत जाई आणि दिवे त्याच्या चालीने लागत. म्हणून त्यांनी एक छोटे सर्किट तयार केले. आता दिवेलागणीला पहिला दिवा लागतो, आठ सेकंद जातात, मग दुसरा. कंदिलांनंतर किटसनच्या बत्त्या थोड्या फुरफुरून मग उजळतात, कारण तेलाची वाफ होण्यास वेळ लागतो. चौदावा दिवा लागेपर्यंत पावणेदोन मिनिटे होतात. पाहणाऱ्यांपैकी काहींना हा वेळ फार वाटेल. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ती पावणेदोन मिनिटे त्या दिवेवाल्याला द्यावी. आयुष्यभर त्याने ती रोज दिली.

आणखी एक खुलासा करावयाचा आहे. स्टेशनाच्या पाटीवर आम्ही नाव घातलेले नाही, याचे कित्येकांना आश्चर्य वाटले. नाव घातले असते तर ते एकाच गावाचे झाले असते. आपल्यात कोकणातले आहेत, खानदेशातले आहेत, वऱ्हाडातले, बेळगावकडचे आणि मराठवाड्यातले आहेत. प्रत्येकाने आपल्या मनातील नाव तेथे वाचावे. मात्र पाटी कोरी ठेवण्याची मोकळीक आम्ही घेतली, ती दिव्यांच्या बाबतीत घेतली नाही.

शेवटी तरुण मंडळींना दोन शब्द. आपल्या या वसाहतीजवळून जाणारी सीकरची लाइन काही वर्षांपूर्वीपर्यंत मीटरगेज होती. ती गेली, ब्रॉडगेज आली आणि सोय झाली, हे चांगलेच झाले. पण त्या लाइनीवरील लहान स्टेशने, त्यांचे कंदील, तेथील कर्मचाऱ्यांच्या आठवणी यांची नोंद करणारी माणसे अजून याच शहरात आहेत. त्यांच्याकडे जा. वही घेऊन जा, मोजपट्टी घेऊन जा आणि ज्यांनी तो दिवा हातात धरला त्यांना प्रथम विचारा. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 पासून उघडे आहे आणि जयपूरहून रेवाडीचे वाफेच्या इंजिनांचे आगारही दूर नाही. तेथील खऱ्या वस्तू डोळ्यांनी पाहून या. ज्या भूमीत आपण भाकरी खातो त्या भूमीचाही इतिहास आपला आहे. मंडळाच्या पुढील मेजावर महाराष्ट्राच्या जंक्शनाशेजारी राजस्थानातील एक मीटरगेजचे स्टेशन असावे, अशी माझी इच्छा आहे. त्या लाइनीसाठी बारा मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, एवढे आताच सांगून ठेवतो.

मंडळाने पन्नास वर्षे या शहरात मराठी भाषा, गणेशोत्सव आणि परस्परांचा आधार जागता ठेवला. त्यासाठी झटलेले कितीतरी जण अहवालांच्या पानांवर नावानिशी सापडत नाहीत. सतरंज्या घालणारे, वर्गणीसाठी दारोदार फिरणारे, कार्यक्रम संपल्यावर भांडी घासणारे असे ते होते. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी त्या सर्वांना आपण वंदन करू या.

आता सभागृहातील दिवे मालवावेत, अशी मी कार्यकर्त्यांना विनंती करतो. मुलांनी मेजावरील दिवेलागण सुरू करावी.